मावशीचा पाहुणचार

आई गेल्यावर दामोदरला रुक्मिणीमावशीनं लहानाचं मोठं केलं. मॅट्रिक होऊन तो पुण्याच्या कॉलेजात गेला, लेखक झाला आणि एका मासिकात त्यानं आपल्याच खामगावचं विनोदी प्रवासवर्णन लिहिलं. त्यात अख्खं शहर 'मले-तुले' करत होतं, आणि सगळ्यांत जास्त हशा मावशीच्या बोलण्यावर होता. पुढं मावशीच्या लेकीला पाहायला पुण्याचे पाहुणे आले. त्यांनी पोरीला मुद्दाम मासिकातली तीच वाक्यं म्हणायला लावली, पोट धरधरून हसले आणि नकार कळवून मोकळे झाले. दुसऱ्या दिवसापासून मावशी शेजारच्या पुणेकर मास्तरीणबाईंकडे रोज जाऊन बसू लागली.

दिवाळीला दामोदर आला. दारातूनच म्हणाला, "मावशे, लय भूक लागून राह्यली."

"यावं. आपला प्रवास सुखाचा झाला ना? पाटावर बसावं."

त्याला थट्टा वाटली, तो हसला. पण पानात वाढताना, अंघोळीला पाणी काढताना, नरकचतुर्दशीला ओवाळतानाही मावशीचं 'आपण' सुटेना. निघायच्या दिवशी त्यानं तिचे पाय धरले.

"माह्यं चुकलं मावशे. मले शिव्या दे, पन माह्यासंग अशी परक्यावानी काऊन बोलून राह्यली?"

मावशीनं हळूच पाय सोडवून घेतले.

"क्षमा करावी. आपली भाषा मला समजत नाही."