देवाचा वाटा
मुदत संपलेली दूधपावडर जाळून टाकायचा हुकूम होता. स्टोअरकीपरने फुगलेले डबे जाळले आणि बरे दिसणारे चर्चच्या अनाथाश्रमाला देऊन टाकले. रविवारी पाळकांनी भर उपासनेत त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बायबलातल्या शौल राजालाही देवानं शत्रूचं सगळं नष्ट करायला सांगितलं होतं. त्यानं धष्टपुष्ट मेंढरं राखली, आणि वर म्हणाला, देवाला अर्पण करायला ठेवलीत."

"अगं, शौलाची हाव वेगळी! मी त्यातला एक डबा तरी घरी आणला का?"

तिला त्याची शिसारी आली. रडणाऱ्या तान्ह्याच्या तोंडात दुधाची बाटली देत ती म्हणाली, "तेच विचारतेय. ह्याच्यासाठी का नाही आणलास?"