ओट्यावरचा चहा

"हा चहा पाजनं हाय, का हाकलनं?" शेजारची सुंदराबाई ओट्यावर बसून बशीत फुंकर मारता मारता पुटपुटली. "तीस वर्सं ह्या घरात चुलीपावतर गेली मी. आता उंबरठाबी नाई."

"आई झोपली आहे, मावशी." दाराची एक फळी अंगाशी धरून ज्योत्स्ना उभी होती.

"रोजच झोपते बाप्पा तुही माय!"

ज्योत्स्नाची आई, चतुराबाई, आतल्या खोलीत टक्क जागी होती. उजवा हात ठेवल्या जागी पडलेला. डोक्यातली नस दबली आहे, असं तिला सांगून ठेवलं होतं. सुंदराबाईच्या तोंडाला कुलूप नाही. ती आत गेली तर भलतं बोलून बसेल, म्हणून दोन महिने तिची सोय ओट्यावर.

ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ संघपाल अमरावतीहून नवा एमआरआय घेऊन आला, तो मागच्या दारानं. ज्योत्स्ना स्वयंपाकघरात गेली. आईच्या खोलीतला कूलर विमानासारखा घरघरत होता. या घरात महत्त्वाचं बोलणं कूलर चालू असतानाच व्हायचं.

"गाठ वाढली, ताई. गोळ्या वाया गेल्या. डॉक्टर म्हने, औषध तिथवर पोचूनच नाई राहिलं. काहून, ते तुले समजंल."

ज्योत्स्ना अकोल्याच्या कॉलेजात बायोलॉजी शिकवते. रडू आलं की ती शिकवायला लागते.

"पेशीच्या पडद्यात प्रथिनं असतात. दारावरच्या माणसांसारखी. परकं काही आत शिरलं की उचलून बाहेर टाकतात. विष काय अन् औषध काय, त्यांना सारखंच."

"पन दारावर त्याईले ठेवलं कोनं?"

"आपलीच आहेत. मेंदू जपायला. पण गाठीच्या पेशींनाही तीच असतात. मग औषध कितीही..."

लाईन गेली. कूलर घरघरत थांबला.

"...दिलं तरी आत येऊच देत नाहीत."

शेवटचे शब्द घरभर ऐकू गेले. संघपालनं फिल्म पाठीमागे लपवली. ओट्यावर कपबशी वाजली. सुंदराबाई उठत होती. ज्योत्स्ना धावत दाराशी गेली आणि सवयीनं आडवी उभी राहिली.

"उद्या या, मावशी."

"ज्योत्स्ने." आतून आवाज आला. जड, अडखळत. "दारातून बाजूले हो."

"आई, तू पड ना. डॉक्टर म्हणाले, नस आता..."

"हो बाजूले."

ज्योत्स्नाचा हात फळीवरून निघेना.

"सुंदरे, आत ये व," चतुराबाई म्हणाली. "मी मरून राहिली. आन् मले हे एकटीले जमून नाई राहिलं."