आधी पत्ता

“हॅलो, अँब्युलन्स हवीय. आमचे आबा खुर्चीवरून खाली पडलेत. हाका मारल्या तरी उठत नाहीत.”

रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये असे फोन घेण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. पण हा आवाज तिने पहिल्या शब्दालाच ओळखला. एवढी माणसं हेडफोन लावून बसलेली असताना हा फोन नेमका तिच्याच कानात यावा! पलीकडे तिची मुलगी होती. आठवीतली, आणि एक मोजा सापडत नाही म्हणून सकाळीच घर डोक्यावर घेतलेली.

“बाळा, काय झालं? आबांना काय झालं? तू बरी आहेस ना?”



“आई? तू आहेस?” मुलीनेही आवाज ओळखला. “आई, आधी पत्ता घे.”

या खोलीतला पहिला नियम तोच. रडारड, हकिकत, सगळं नंतर. आधी पत्ता, म्हणजे मध्येच फोन तुटला तरी गाडी निघालेली असते. नव्याने लागलेल्यांना हे तीच शिकवायची, आणि कोणी चुकलं की चांगलं फैलावर घ्यायची. आज पडद्यावरचा पत्त्याचा चौकोन तिच्याकडे रिकामा बघत होता. अर्ध्या शहराचे गल्लीबोळ तोंडपाठ असलेल्या या बाईला स्वतःच्या बिल्डिंगचं नाव काही केल्या आठवेना.

मुलीने ते सांगितलं. ती सांगत गेली तशी आईची बोटं चालायला लागली.

“तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे, स्ट्रेचर जिन्यानेच आणावं लागेल. पुढच्या गेटला दुपारी कुलूप असतं, मागच्या गेटने या म्हणावं. शेजारच्या काकूंना मी तिथं उभं केलंय.”

गाडी निघाली. तोवर इनचार्ज बाई तिच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिचा चेहरा बघून त्या काय ते समजल्या.

“घरचा आहे ना? द्या इकडे. घरचा फोन आपण घ्यायचा नाही.”

तिलाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर तिला तिथून पळून जायचं होतं. ती कानावरचा हेडफोन काढायला गेली, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “आई, आबांची छाती हलत नाहीये. त्यांना पाठीवर झोपवलंय मी. फोन स्पीकरवर आहे. दाबायची ना छाती?”

इनचार्ज बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. शेजारचा हेडफोन जोडून त्यांनी स्वतःच्या कानाला लावला आणि हळूच म्हणाल्या, “बोला तुम्ही. मी आहे.”

“छातीच्या मधोमध तळहात ठेव. त्याच्यावर दुसरा हात. कोपर वाकवू नकोस. आता दाब, जोरात, भराभर.”

“आबांना दुखेल.”

“दुखू दे.”

आई मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. पलीकडून फरशीवर गुडघे घासल्याचा आवाज येत होता. एरवी पाण्याचा ग्लास उचलून ठेवायला सांगितलं तर या मुलीचे हात दुखायचे. आज ती एका शब्दानेही कुरकुरली नाही.

आकडे पुढे जात होते. आबा तिचे सासरे, पण बापाच्या वरताण. ती दिवसपाळीला निघाली की नातीला भरवायचं त्यांनी, शाळेत सोडायचं त्यांनी, आणि थरथरत्या बोटांनी तिची वेणी घालायलाही तेच शिकले होते. त्या वेण्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या आणि तिचा आकडा चुकला. मग आवाजच फुटेना. इनचार्ज बाई तोंड उघडणार, तोच पलीकडून मुलीचा आवाज आला. धापा टाकत, पण एका लयीत.

“एक. दोन. तीन. चार. आई, मी मोजते. तू फक्त ऐक.”

आई ऐकत राहिली. भीतीने तिच्या काळजाचं पाणी झालं होतं, आणि तरीही तिला आपल्या लेकीचा असा अभिमान वाटत होता की तो मावेना. ही पोर एवढी मोठी कधी झाली? घरातच होती की डोळ्यांसमोर. तिचं शिंगं फुटल्यासारखं बोलणं तेवढं आपण धरून बसलो, असं तिला वाटलं.

दार आपटलं. बुटांचे आवाज आले. “शाब्बास बाळा, हो बाजूला, आता आम्ही बघतो,” कोणीतरी पुरुष म्हणाला. मग बराच वेळ नुसती खुडबुड. इनचार्ज बाईंनी तिचा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

“लागली. नाडी लागली. चला, उचला.”

आईच्या जिवात जीव आला. आता मुलगी रडेल, असं तिला वाटलं. तिला जवळ घेता येणार नव्हतं, पण धीराचे चार शब्द तरी द्यायचे होते. ते ओठांवर येईपर्यंत फोन उचलल्याचा आवाज झाला. मुलीला अजून धाप लागलेलीच होती.

“आई, मी आबांबरोबर गाडीतून जातेय. काकू आहेत सोबत. तू दवाखान्यात ये.”

“बाळा, ऐक...”

“नंतर. आता फोन ठेव, आई. दुसरं कोणीतरी लावत असेल.”