उलटी जोडी

बाळांनो, डोळ्यांपुढं जळकोटातलं एक दार आणा. बाहेर साहेबाचे बूट. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात दूध संघात नवा संगणक येताच याच साहेबानं जुना संगणक सांभाळणाऱ्या श्रीमंतला कामावरून काढून त्याच्या वहाणा सर्वांदेखत भिरकावल्या होत्या. लेक गजरा डबा धरून बघत राहिली. आज तोच साहेब श्रीमंतच्या घरात मदत मागत होता. दोन्ही संगणक युनिक्स या एकाच प्रणालीवर चालणारे, तरी जुन्या टेपवरची चारावाटपाची यादी नव्यावर वाचता येईना, जनावरं उपाशी. “सांगू नका, आबा! बसू द्या बोंबलत!” गजरा फणकारली. “जनावरांनी काय घोडं मारलंय गं?” श्रीमंत म्हणाला. “साहेब, तुमचं यंत्र अक्षरांची दर जोडी उलटी वाचतंय. अदलाबदल करा.” गजरानं भिरकावायला उचललेले बूट परत ठेवले, डाव्याच्या जागी उजवा. मग गल्ली गोळा करून उंबऱ्यावर बसली: “घाला, साहेब, बघू ही तरी जोडी जमती का!”