औजाराच्या बदल्यात

विहार समितीच्या धर्मेंद्रने दारातूनच औजारघराची भिंत पाहिली आणि आत यायची तसदी घेतली नाही.

"नागसेनभाऊ, उद्या मीटिंग हाय. औजारं दिसली तं खोली तुमची, नाई तं गोदामाले देऊन टाकू. मी येकटा सगळ्यायसंग किती भांडू?"

विहारामागची ही खोली वस्तीनेच बांधली होती. हाताला काम आहे पण औजार नाही, अशा माणसाने इथून औजार न्यावं, नाहीतर इथेच बसून काम उरकावं. पैसे ठेवून घ्यायचे नाहीत, हा नागसेनचा हट्ट. त्याऐवजी आपल्या घराच्या कुलपाची दुसरी किल्ली औजाराच्या खिळ्याला अडकवून जायची. माणूस पाना विसरेल, करवत विसरेल, घर कशाला विसरेल, असं तो छाती ठोकून सांगायचा. आता भिंतभर किल्ल्याच लटकत होत्या. कोपऱ्यात एक वेल्डिंग मशीन तेवढी उरली होती, तीही दुरुस्तीला गेली होती म्हणून वाचलेली.

निदान लोकेशकडची मोठी ड्रिल मशीन तरी आणू, म्हणून नागसेनने त्याची किल्ली खिशात टाकली. दोन मोठ्या मशिनी दिसल्या की धर्मेंद्रलाही मीटिंगमध्ये बोलायला तोंड राहिलं असतं. शिवाय लोकेश म्हणजे नेलेली वस्तू स्वच्छ पुसून परत ठेवणारा माणूस. नागसेनचा त्याच्यावर जीव होता.

लोकेशच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर पुष्पलताबाई तांदूळ निवडत होत्या.

"बाई, लोकेश कामावर गेला का?"

"हैदराबादले गेला, बायकोपोरं घेऊन. तुमाले नाई मालूम?"

"वापस कधी येनार हाय?"

"गॅसची टंकी इकली, पलंग इकला. आता काहून येते तो वापस?"

मशीन घरात असेल, एवढी जड वस्तू कोण कशाला नेईल, असं मनाला समजावत नागसेनने किल्ली फिरवली. कुलूप पहिल्याच फटक्यात उघडलं. ते बदललेलं असतं, तर त्याला निदान राग तरी आला असता.

आत मशीन नव्हती. काहीच नव्हतं. जमीन मात्र स्वच्छ झाडलेली होती. जायचंच होतं तर झाडून कशाला गेला, हे नागसेनला कळेना आणि त्याचाच त्याला सगळ्यात जास्त त्रास झाला. तो उंबऱ्यावर बसला.

पुष्पलताबाई सूप हातात घेऊनच आल्या. "चाबी तुमच्यापाशी कशी?"

"ड्रिल मशीन नेलती त्यानं. बदल्यात ठेवलती."

बाईंनी रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली. "मंग तं घरच देऊन गेला म्हना तुमाले."

त्या हसल्या नाहीत. नागसेनच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची एकेक किल्ली आली. यातली किती घरं अशीच झाडून ठेवलेली असतील, हा विचार त्याला सहन होईना. तो उठला आणि उगाचच कुलूप लावू लागला.

बाई हलल्या नाहीत. "भाऊ, वेल्डिंगची मशीन अजून हाय न तुमच्यापाशी? आमचा पोरगा अश्विन बी परवा हैदराबादले निंगून राह्यला. सोताची मशीन असली तं ठेकेदार रोजी जास्त देते म्हनते."

"थे नाई देता येत, बाई. थे गेली तं उद्याच औजारघर बंद होते."

"हौ," बाई म्हणाल्या, पण ऐकून न ऐकल्यासारखं. सूप त्यांनी खाली ठेवलं, कमरेची दोरी सोडली आणि त्याच्यापुढे धरली. दोरीत घराच्या दोन्ही किल्ल्या होत्या.

"मशीनच्या बदल्यात तुमी दुसरं घर कायले पाहता?" त्या घाईघाईने म्हणाल्या. "आमचं मजबूत हाय. वरचे कवेलू मांगच्याच साली फेरले. या न, आत येऊन पाहून घ्या."