चार वाजताची कडी

वही सासूबाईंच्या हातात होती आणि यशश्रीचे दोन्ही हात कणकेत. त्यामुळे हिसकावून घ्यायचीही सोय नव्हती.

"नाव इंदिरा, वय बासष्ट," इंदिराबाईंनी चष्मा नाकावर चढवून वाचायला सुरुवात केली. "हे काय गं? मी?"

वही यशश्रीच्या परीक्षेची होती. नाट्यशास्त्राच्या एम.ए.चं हे शेवटचं प्रात्यक्षिक होतं. ओळखीच्या एका माणसाला महिनाभर न्याहाळायचं आणि परीक्षकांसमोर दहा मिनिटं तो माणूस होऊन दाखवायचं, एकही शब्द न बोलता. आठ महिन्यांपूर्वी पंचवटीतल्या या घरात लग्न होऊन आलेल्या मुलीला न्याहाळायला दुसरं होतं कोण? सासरे, म्हणजे अण्णा, पहाटेच रामकुंडावर यजमानांचे विधी सांगायला जात. नवरा यशोधन दिवसभर सातपूरच्या कंपनीत. उरल्या सासूबाई.

परीक्षा आजच होती, बारा वाजता. आणि साडेदहाला ती पुरणपोळ्या करत होती. सुरतेचे बारा यजमान विधी उरकून दीडला जेवायला येणार होते. काल तिनं विषय काढला तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले होते, "परीक्षा काय, पुढच्या वर्षीही होते. यजमान एकदा दुसऱ्याच्या दारी जेवले की परत येत नाहीत." यशोधनकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: 'अण्णांना विचार.' लग्नाच्या बैठकीत हेच दोघे 'शिकू द्या की, आमची काही हरकत नाही' म्हणत पोहे खात होते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. पुढच्या वर्षी घरात पाळणा हलवायचा बेत तर पक्काच झाला होता, तिला विचारायचं तेवढं राहिलं होतं. आज परीक्षा चुकली की पदवी कायमची राहिली, हे ती ओळखून होती.

"'बोलायच्या आधी पदर खांद्यावर ओढतात. चपला नेहमी दाराकडे तोंड करून ठेवतात, टापटीप भारी,'" इंदिराबाई वाचत होत्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढला आणि म्हणाल्या, "ओढते खरी."

मग त्यांनी पान उलटलं. ते पान यशश्रीला तोंडपाठ होतं. वर तिनं झोकात मथळाही दिला होता: पहारा.

"'रोज दुपारी चारला, अण्णा झोपलेले असताना, दाराशी जातात. कडी काढतात, पुन्हा घालतात. सून पळून तर जाणार नाही ना, याची खात्री करून घेतात.'"

वाचता वाचता इंदिराबाईंचा आवाज खाली आला. तालमीत यशश्रीनं ही कडी करून दाखवली तेव्हा सगळा वर्ग खो खो हसला होता. कुणीतरी 'जेलरबाई' म्हणालं होतं. त्या हसण्याच्या जोरावर तिनं पुढचे कित्येक दिवस काढले होते. कारण घरात चार वाजले, कडी वाजली, की तिला खरोखर कोंडल्यासारखं व्हायचं.

"आई, ते... फक्त परीक्षेपुरतं लिहिलंय."

"हात धू," इंदिराबाई म्हणाल्या. "आणि करून दाखव."

आता सुटका नव्हतीच. यशश्रीनं हात धुतले. सासूबाईंसारखा दुखरा डावा गुडघा सांभाळत ती दारापर्यंत गेली. पदर ओढला. कडी काढली, दार ढकलून बाहेर संशयानं नजर टाकली आणि खाडकन कडी घातली. मागं वळायचा तिला धीर होईना.

"चाल जमलीय. गुडघाही माझाच आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "कडीचं चुकलंय. सरक."

आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं. कडी झटक्यात निघाली. दार उघडलं. उजवा पाय अलगद चपलेत सरकला. त्या तशाच उभ्या राहिल्या, एक पाय चपलेत, एक फरशीवर, खाली जाणाऱ्या जिन्याकडे बघत. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मग पाय चपलेतून निघाला. दार लोटलं गेलं. त्यांनी कडीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो तसाच राहिला. मग कडी सावकाश सरकली आणि शेवटी वाजली.

"तुझ्यावर कसला पहारा गं?" त्या म्हणाल्या. "तू यायच्या आधीपासून चाललंय हे. चाळीस वर्षं झाली. कडी काढायला मला क्षणही लागत नाही. घालायलाच वेळ लागतो."

यशश्रीला लाज वाटली, आणि रडूही आलं. महिनाभर न्याहाळून तिला गुडघा दिसला होता, बाई दिसली नव्हती.

इंदिराबाईंनी वही तिच्या हातात कोंबली. "पोळ्या मी लाटते. साडी बदल आणि नीघ."

"अण्णा विचारतील."

"विचारू देत. मला कधी काही विचारलं नाही त्यांनी. आज एवढं तरी विचारतील."

पाच मिनिटांत ती तयार झाली. दाराशी तिला राहवलं नाही. "आई, तुम्हीही चला ना."

इंदिराबाईंनी पदर खांद्यावर ओढला. पण त्या काही बोलल्या नाहीत.

यशश्री जिना उतरू लागली. रिक्षा मिळायची होती, होळकर पुलावर गर्दी असणार होती. तरी पहिल्या वळणावर तिचे पाय थांबले आणि ती कान देऊन उभी राहिली.

कडीचा आवाज यायला बराच वेळ लागला.