अठरा वर्षांचं तात्पुरतं टेबल

माझ्या सर्व्हरवर पसारा राहत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. तात्पुरतं टेबल, म्हणजे कामापुरता बनवलेला माहितीचा तक्ता, मेमरीत जागा घेतं, आणि बनवणाऱ्याचं कनेक्शन तुटलं की मागमूस न ठेवता पुसलं जातं. या शिस्तीबद्दल मिळालेलं बक्षीस घेतानाचा आमचा फोटो भिंतीवर लावलाय.

आज दुपारी असं एक टेबल सापडलं. त्यात एकच ओळ होती, एका माणसाचं नाव. कनेक्शन आमच्याच खोलीतून, अठरा वर्षांपूर्वी उघडलेलं. म्हणजे मी इथे रुजू झाले त्याच दिवशी.

"या नावाचं आपल्याकडे कोणीच नाही," सहकारी म्हणाला. "पण ताई, ते अजून चालू आहे. आधी चौकशी करूया का?"

"अठरा वर्षं माझ्या नाकावर टिच्चून बसलंय, आणि चौकशी कसली?"

मी कनेक्शन तोडलं. मेमरी क्षणात मोकळी झाली. मी ऐटीत खुर्ची मागे रेटली.

सहकारी भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता.

"ताई, तुमचा हात असा का?"

फोटोत आम्ही दोघंच होतो. मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती, आणि त्या जागेत माझा हात, कोणाच्या तरी खांद्यावर अभिमानाने ठेवावा तसा, टेकलेला होता.